वन बीएचके फ्लॅट फेंगशुईप्रमाणे लावायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

दारापासून करा. 'ची' म्हणजे प्राणशक्ती घरात मुख्य दारातून येते, असं फेंगशुई ही घर मांडण्याची चिनी पद्धत मानते. त्यामुळे दाराआडचा चपलांचा ढीग, रद्दीचे गठ्ठे आणि अर्धंच उघडणारं दार आधी निस्तरा. खर्च जवळजवळ शून्य, आणि घर लगेच मोकळं वाटतं.

मग पलंग. उशाला भक्कम भिंत हवी, पडल्यापडल्या दार दिसलं पाहिजे, पण पाय थेट दाराच्या रेषेत नकोत. दाराच्या तिरक्या कोपऱ्यात पलंग लावला की बहुतेक खोल्यांत हे जमतं. कपाटाचा आरसा पलंगासमोर येत असेल आणि कपाट हलवायला जागाच नसेल, तर रात्री त्यावर पडदा ओढा.

दिशांचे नियम मात्र जसेच्या तसे उचलू नका. चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यात गोठवणारे वारे उत्तरेकडून येतात, म्हणून तिथे घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो! शिवाय आग्नेय कोपरा प्रचलित फेंगशुईत संपत्तीचा, तिथे छोटं कारंजंही ठेवतात. वास्तुशास्त्रात तीच अग्नीची जागा, तिथे पाणी वर्ज्य. दोन्हींची खिचडी केली तर डोक्याला ताप होतो, कुठलं तरी एकच धरा.

लाफिंग बुद्धा आवडला तरच आणा. तो गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा चिनी भिक्षू आहे.