‘झिरो डिस्टन्स’ला शून्य अंतर म्हणू नका, आपल्याकडे ‘शिस्त’ आहे

प्रश्न असा आहे: एक ताई आफ्रिकेतल्या केप बफेलोच्या, म्हणजे तिथल्या रानरेड्याच्या, शिकारीवरचा लेख मराठीत आणतायत, त्यात ३७५ एच अँड एच रायफल दोनशे यार्डांवर ‘झिरो’ केली (म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर बसेल अशी जुळवली) असं वाक्य आहे, तर ‘झिरो डिस्टन्स’ला ‘शून्य अंतर’ म्हटलं तर चालेल का, आणि हे अंतर शिकारी ठरवतात तरी कसं. त्यावर एका जाणकारांनी ‘शून्यांतर’ सुचवलं, दुसऱ्यांनी ‘शून्यीकरण’.

नाही चालणार. तिन्ही नाही चालणार. शून्य अंतर म्हणजे अंतरच नाही, नळी छातीला टेकवलेली. वाचणारा तसंच समजणार, आणि इथे तर जनावर दोनशे यार्ड लांब आहे! हाच गोंधळ ‘पॉइंट ब्लँक’चा करून ठेवलाय. बातम्यांमध्ये रोज वाचतो, ‘पॉइंट ब्लँक रेंजवरून म्हणजे अगदी जवळून गोळ्या झाडल्या’. अहो, पॉइंट ब्लँक म्हणजे नेम वरखाली न करता सरळ लक्ष्यावर धरला तरी गोळी लागते ते अंतर, आणि रायफल तगडी असेल तर ते दोनशे यार्डांच्याही पुढे जातं. जवळून झाडल्या तर जवळून झाडल्या म्हणा ना.

‘झिरो’ शब्दाचं मूळ शून्य, मग अरबी सिफ्र, मग इटालियन झेफिरो, ही साखळी सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. बंदुकीच्या बाबतीत एवढंच लक्षात घ्या की बॅरल, म्हणजे नळी, आणि स्कोप, म्हणजे वर बसवलेली नेमाची दुर्बीण, या दोन वेगळ्या रेषा आहेत. स्कोप बॅरलच्या दीडेक इंच वर बसतो, नजर सरळ जाते आणि गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागते, म्हणून बॅरलचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवतात, मग गोळी त्या रेषेला खालून वर एकदा छेदते आणि पुढे उतरताना परत एकदा. हा दुसरा छेद जिथे पाडायचा ते अंतर म्हणजे झिरोचं अंतर. तिथे गोळी बरोबर बसायला लागली की स्कोपवर नेम वरखाली करायची जी चकती असते तिच्यावरचा आकडा शून्यावर आणून ठेवतात. म्हणजे शून्य आहे ते चकतीवरचं, अंतर शून्य नाहीच. ‘शून्यीकरण’ म्हणणाऱ्यांनी स्कोपची चकती एकदा हातात घेऊन फिरवून बघावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता खरी गंमत. या कामाला मराठीत चांगला मुरलेला शब्द आहे आणि आपण तो रोज भलत्याच अर्थाने वापरतो. शिस्त.

शिस्त म्हणजे नेम. जुन्या कोशांमध्ये बघा, डिसिप्लिन हा अर्थ नंतरचा, बंदुकीची किंवा बाणाची शिस्त धरणं, शिस्त लावणं हा आधीचा. एनसीसीत असताना ज्यांनी पॉइंट टूटूची रायफल उचललीय त्यांनी उस्तादांच्या तोंडून ‘शिस्त लेना’ ऐकलेलं असणारच, बॅकसाइटच्या खाचेतून फोरसाइटची टिप, टिपेवर टार्गेटचा खालचा मध्य, श्वास रोखून. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना वाटायचं उस्ताद आम्हाला नीट वागायला सांगतायत. ते नेम धरायला सांगत होते. आणि ती फोरसाइटची टिप, तिलाही मराठीत नाव आहे, माशी. बंदुकीची माशी. नळीच्या टोकावर बसलेली दिसते म्हणून माशी, इतकं सोपं.

शब्द फारसी. मूळ शस्त, म्हणजे अंगठा. तुर्की-इराणी तिरंदाज प्रत्यंचा दोन-तीन बोटांनी नाही, अंगठ्याने ओढायचे, अंगठ्यात हाडाची नाहीतर दगडाची अंगठी घालून, त्या अंगठीलाही शस्तच म्हणायचे. अंगठ्यावरून अंगठी, अंगठीवरून बाण सोडणं, त्यावरून नेम. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे नेमका अंगठाच का मागितला हे लहानपणी ज्यांना कोडं वाटायचं त्यांनी इथे जरा थांबावं. अंगठा गेला की शिस्त गेली!

एक प्रसिद्ध व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थ शिस्त हा शब्द संस्कृत ‘शिष्ट’वरून आणतात आणि व्याख्यानांतून ठासून सांगतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि नुसतं आवडीनिवडीचं म्हणून नाही. मुष्टीची मूठ होते, दृष्टीची दीठ होते, ष्टचा मराठीत येताना ठ होतो, मग शिष्टचा तेवढा शिस्त कसा झाला? बरं, संस्कृतातला स्त झिजत आला तर तो तरी कुठे टिकतो, हस्तचा हात, मस्तकाचा माथा. तत्सम शब्द बाजूला ठेवा, बाकी जिथे स्त ठणठणीत उभा दिसतो तिथे बहुतेक वेळा फारसी निघते: दुरुस्त, बंदोबस्त, सुस्त, मस्त, दोस्त, गस्त, शिकस्त. या रांगेत शिस्त ठेवून बघा, घरच्यासारखी बसते. आणि शिष्टवरून नेम हा अर्थ कसा निघाला याचं उत्तर तर ते गृहस्थ देतच नाहीत. कोशातला पहिला अर्थ गाळून व्युत्पत्ती सांगायची ही कुठली रीत?

मग नेमाची डिसिप्लिन कशी झाली? माझं मत असं की हे कवायती फौजेने केलं. नेम धरताना खाच, माशी, लक्ष्य एका रेषेत येतात, त्यामुळे शिस्त म्हणजे सरळ रेषा, सरळ रेषा म्हणजे रांग (आजही ‘शिस्तीत उभे राहा’ म्हणजे ओळीतच उभे राहा), रांग म्हणजे हुकूम पाळणं. इब्राहिमखानाचे गारदी, महादजी शिंद्यांच्या पदरच्या डी बॉयन या युरोपी सेनानीच्या पलटणी, या लोकांना दिवसभर दोनच कामं, बंदुका रोखणं आणि ओळ धरणं. दोन्हींसाठी एकच शब्द वापरात राहिला आणि पुढे बंदूक गळून पडली, असं मला वाटतं. आणि मी यावर ठाम आहे कारण मराठीत हाच प्रवास उलट्या दिशेनेही झालाय! नेम बघा. नेम आला नियमवरून. नेमधर्म, रोजचा नेम, नेमाने देवळात जाणं, हा सगळा शिस्तीचाच कारभार, आणि तोच नेम बंदुकीलाही. एक शब्द नियमाकडून निशाणाकडे गेला, दुसरा निशाणाकडून नियमाकडे आला, आणि ‘नेमकं’ म्हणताना आपण दोन्ही एकदम म्हणतो. नेमून दिलेलं ते नेमकं, आणि जिथे बसायला हवं तिथे बसलेलं तेही नेमकं. असं जोडपं मला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही आणि हे लोक ‘शून्यीकरण’ घेऊन बसलेत.

हां, अंतराचं राहिलं. ३७५ एच अँड एच हे काडतूस १९१२चं, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचं, आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी धोकादायक जनावराला कायद्याने नाहीतर रिवाजाने याच्यापेक्षा लहान काडतूस चालत नाही. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास सुटते. शिस्त शंभर यार्डांवर बांधली तर दोनशेला ती चार-पाच इंच खाली जाते. दोनशेवर बांधली तर शंभरला दोन-अडीच इंच वर लागते, पंचवीसेक यार्डांवर पहिला छेद येतो, आणि तीन इंच वरखाली चालत असेल तर साधारण सव्वादोनशे यार्डांपर्यंत हिशेब न करता सरळ नेम धरता येतो, हेच ते खरं पॉइंट ब्लँक. पण बफेलोवर एवढ्या लांबून कोण गोळी टाकतं? तो झाडीत असतो, मारायचा तर शंभरच्या आत, बऱ्याचदा पन्नासवर, आणि नुसता जखमी होऊन झाडीत घुसला तर आत माग काढत माणसालाच जावं लागतं, तिथे दोन इंच वर हा चुकीचा सौदा. म्हणून फक्त बफेलोला निघालेला शिकारी पन्नास नाहीतर शंभरवर बांधतो. त्याच रायफलने माळावरचे कुडू-एलंड, म्हणजे तिथली मोठी हरणंही मारायची असतील तर दोनशे ठीक. ४५८ विंचेस्टर मॅग्नम या जड काडतुसाची ५०० ग्रेनची गोळी मात्र शंभरवर बांधली की दोनशेला आठेक इंच खाली येते, तिला लांब ओढण्यात अर्थ नाही. जुन्या दुनळीला तर चकतीच नसते, दोन्ही नळ्यांची शिस्त कारखान्यातच ठरावीक काडतुसाला एका अंतरावर जुळवून देतात, काडतूस बदललं की दोन्ही नळ्या दोन दिशांना. आणि विमानाने गेलेली रायफल कॅम्पवर पोचल्यावर आधी कागदावर झाडून बघतात, प्रवासात स्कोप हललेला असू शकतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची बोली वाळत गेली म्हणून हे शब्द परके वाटतात, पण मेलेले नाहीत. बोलताना झिरो म्हणा, माझी काही हरकत नाही, रेंजवर सगळे तेच म्हणतात. लिहिताना मात्र ताई, तुमचं वाक्य असं करा: ‘त्याने ३७५ची शिस्त दोनशे यार्डांवर बांधली होती.’ आणि पुढे जिथे जिथे झिरो डिस्टन्स येईल तिथे ‘शिस्तीचं अंतर’. लेखातला शिकारी फक्त बफेलोलाच निघालेला असेल तर ते दोनशे मूळ लेखात परत एकदा तपासून घ्या, मला शंभर असावं असं वाटतंय.