सिडकोच्या जुन्या घरात रोबो व्हॅक्यूम चालेल का? तीस हजारांत कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घर नेरूळला, सिडकोच्या जुन्या इमारतीत, टू बीएचके. मोझॅकची लादी, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, बजेट तीस हजार. नुसता केर काढणारा घ्यावा की पुसणारा, मावशींना मग बंद करता येईल का, आणि गणपतीच्या सेलला घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं, एवढं विचारलंय. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. घरी रोबो आहे आणि रोज चालतो.

मावशींचं आधी सांगतो: बंद करू नका. रोबो मोकळ्या जागेतला केर काढतो, बस. गोल मशीन कोपऱ्यात पोचत नाही. दारामागे, ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या मागे, बाथरूममध्ये, खिडकीच्या पट्टीत त्याचा काही उपयोग नाही. मावशींना काढून रोबो आणलात तर ही सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतील, आणि वर रोबोची साफसफाई. त्याचा खरा फायदा मावशी गावी गेल्यावर कळतो, किंवा आमच्यासारख्या भागात. इथे मेट्रोची आणि टॉवरांची बांधकामं इतकी वर्षं चाललीत की सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. दिवसातून दोनदा केर काढा असं मावशींना सांगणार कसं? रोबोला सांगता येतं.

आता निवड. मॉडेलं बघायच्या आधी फूटपट्टी घेऊन घरातून एक फेरी मारा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

पहिलं माप सोफा, दिवाण, पलंग आणि कपाटांच्या खालच्या फटीचं. ज्या रोबोच्या डोक्यावर फिरणारी छोटी टोपी असते तो साधारण साडेनऊ ते दहा सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे फट साडेदहाची तरी हवी. बिनटोपीचे सात-आठ सेंटिमीटरचे असतात, ते जास्त ठिकाणी शिरतात. जुन्या घरांतले दिवाण नि पलंग बहुतेक खोक्याचे, जमिनीला टेकलेले असतात, तिथे प्रश्नच मिटला. खरी पंचाईत नऊ-साडेनऊच्या फटीची. रोबो आत घुसतो, टोपी अडकते आणि मग आपण पोटावर झोपून झाडूच्या दांड्याने त्याला बाहेर काढतो. असं फर्निचर असेल तर पायांखाली रबरी गुट्ट्या लावा, नाहीतर ॲपमध्ये ती जागा वर्ज्य करून टाका.

दुसरं माप उंबऱ्यांचं. सिडकोच्या जुन्या घरांत हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक मॉडेलांच्या माहितीत दोन सेंटिमीटरपर्यंत चढतो असं असतं. कड गोल किंवा उतरती असेल तर चढतोही. काटकोनात कापलेली पट्टी असेल तर दीड सेंटिमीटरलाही चाकं घासत बसतात. उताराची रबरी पट्टी मिळते, पण आई-वडिलांच्या रात्रीच्या वाटेवर ती लावू नका. रोबोचं सुख त्यांच्या पायाच्या किमतीत नको. त्यापेक्षा त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बटण दाबा. काम झालं की तो तिथेच थांबेल, चार्जिंगला परत नेऊन ठेवावा लागेल, इतकंच.

उंबरा काळ्या कडप्प्याचा आहे का, तेही बघा. रोबोच्या पोटाला खड्डा ओळखणारे सेन्सर असतात. ते खाली अवरक्त प्रकाश टाकतात आणि तो परत आला तर खाली जमीन आहे असं धरतात. काळा पृष्ठभाग तो प्रकाश बराचसा गिळतो, म्हणून काही रोबोंना काळा कडप्पा म्हणजे खड्डा वाटतो आणि ते मागे फिरतात. बाथरूमच्या दारात हे फायद्याचंच आहे. स्वयंपाकघराच्या दारात नाही. सेन्सरवर टेप चिकटवण्याचे व्हिडिओ सापडतील. घरात एखादी पायरी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता ती टोपी. तिच्यात लायडार असतो. लेझर गोल फिरवत भिंती किती लांब आहेत ते मोजतो आणि घराचा नकाशा तयार करतो. मग रोबो ओळीने, एकाला एक लागून पट्टे मारत जातो. माझ्या मते तीस हजारांत पैसे टाकावेत ते यावर. दहा-पंधरा हजारांचे बरेचसे रोबो एकतर आपटत-आपटत वाट काढतात, नाहीतर जायरोस्कोपच्या (आपण किती वळलो ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) अंदाजाने चालतात. आपटणारा रोबो म्हणजे रात्री लाइट गेल्यावर चष्मा शोधणारा माणूस. सापडतो शेवटी, पण तोवर सगळं घर हैराण. शिवाय नकाशा नसेल तर देवघरासमोर जाऊ नकोस, आईच्या खोलीत दुपारी शिरू नकोस, हे त्याला सांगायची सोय राहत नाही. आपल्याकडे या सोयीला फार किंमत आहे. समई, रांगोळी, जमिनीवर पसरलेलं धान्य, खाली बसून भाजी निवडणारं माणूस, सगळं त्याच्याच पातळीवर असतं.

थोडं विषयांतर. टाय लावून घरोघरी सोफ्यातली धूळ काढून दाखवणारे युरोक्लीनवाले तुमच्या आई-वडिलांना नक्की आठवत असतील. युरोक्लीन विकणारी ती युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सशी भागीदारीत होती. त्याच इलेक्ट्रोलक्सने २००१ मध्ये ट्रायलोबाइट नावाचा रोबो व्हॅक्यूम विक्रीला आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला तो पहिला. वटवाघळासारखा ध्वनीलहरींवर अडथळे ओळखायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत आयरोबोटचा रूम्बा आला आणि नाव त्याचं झालं.

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो तो पास्कलचा आकडा, आणि मी सर्वांत कमी लक्ष देतो ते त्याच्याकडे. पास्कल म्हणजे खेचण्याचा दाब. जाड गालिच्यातून धूळ ओढायची असेल तर तो कामाचा. तुमच्या मोझॅकवर तीन-चार हजार पास्कल पुरेसे आहेत. दहा हजारांवर गेलात तर आवाज वाढेल आणि बॅटरी लवकर उतरेल, केर तेवढाच निघेल. त्याऐवजी खालचा मुख्य ब्रश बघा. घरात लांब केस असतील तर नुसत्या केसाळ ब्रशपेक्षा रबरी पात्यांचा बरा. केस त्यालाही गुंडाळले जातातच, पण कात्रीने कापून काढायला सोपं जातं. बाजूचा फिरणारा छोटा ब्रश मोहरी आणि साबुदाणा आत घेण्याऐवजी लांब उडवतो. स्वयंपाकघरात कमी वेगावर चालवा.

पुसण्याबद्दल अपेक्षा खाली आणा. तुमच्या बजेटमध्ये बहुतेक मॉडेलांना मागे पाण्याची छोटी टाकी आणि एक ओलं फडकं मिळतं. फडकं मागे ओढलं जातं, फार तर थरथरतं. केर काढल्यावर राहिलेली बारीक धूळ त्याने जाते आणि लादी पायाला गुळगुळीत लागते. सांडून वाळलेला चहा, फोडणीचे तेलकट थेंब, गॅसपुढचा चिकटपणा यातलं काही निघत नाही. बादली आणि पिळलेल्या फडक्याने लादी पुसणाऱ्या मावशींशी त्याची तुलनाच करू नका. फिरती गोल फडकी, ती गरम पाण्याने धुणारा आणि वाळवणारा डॉक (म्हणजे रोबो चार्जिंगला जाऊन उभा राहतो तो तळ), हे सगळं असलेली मशीनं तुमच्या बजेटच्या बरीच पुढे जातात. आणि टाकीत फिनाईल घालायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आतल्या बारीक नळ्या चोंदतात, वॉरंटीही हातची जाऊ शकते.

पावसाळ्याचं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत घालायचा स्टँड हॉलमध्ये येतो. त्याच्या खालच्या आडव्या दांड्या रोबोला चढण्यासारख्या वाटतात. तो अर्धा चढतो, चाकं अधांतरी, आणि वर ओले टॉवेल. नकाशात स्टँडच्या जागी वर्ज्य चौकोन काढून ठेवा. दुसरं म्हणजे फिल्टर. दमट हवेत धूळ फिल्टरला चिकटून बसते, झटकली तरी निघत नाही. धुवायचा फिल्टर असेल तर धुतल्यावर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय लावायचा नाही. मे महिन्यात एका दिवसात वाळतो, जुलैत दोन-तीन दिवस धरा. म्हणून दोन फिल्टर जास्तीचे घ्या आणि आलटून पालटून वापरा. फडकं ओलं तसंच मशीनला ठेवलं तर दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास. आणि दारात चपलांखाली पाणी साचलं असेल तर रोबोला तिकडे जाऊ देऊ नका. पाणी ओढायचं ते मशीनच नव्हे.

आई-वडील घरात असतात, त्यामुळे वेळ नीट ठरवा. पायाशी फिरणारी काळी चकती वयस्क माणसाला पाडू शकते. ते सकाळी ज्वेलला (ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत) फिरायला जात असतील तर तीच वेळ लावा, नाहीतर दोघं बसून टीव्ही बघतात ती. जमिनीवरून मोबाइलच्या वायरी, पायपुसणं आणि झालरीची सतरंजी उचलायची सवय मात्र घरातल्या सगळ्यांनाच लावावी लागेल. हे जमणार नसेल तर रोबो घेऊच नका, रोज कुठेतरी अडकून शिट्ट्या मारत बसेल. मशीनवर सुरू करायचं आणि घरी पाठवायचं अशी खरीखुरी बटणं आहेत का, तेही बघा. तुम्ही ऑफिसात आणि ॲप तुमच्या फोनवर, असं झालं तर बाबांना बटणच उपयोगी पडणार. बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. राउटरवर ते चालू असल्याची खात्री करा.

कॅमेरावाला रोबो मी घेणार नाही. वायरी आणि चपला ओळखायला कॅमेरा उपयोगी असतो हे मान्य. पण आयरोबोटच्या चाचणीतल्या मशीनांनी २०२० मध्ये घेतलेले घरांतले फोटो, त्यात संडासात बसलेल्या एका बाईचाही, इंटरनेटवर पोचल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. ती मशीनं दुकानातली नव्हती, चाचणीला संमतीही घेतलेली होती, तरी फोटो बाहेर गेलेच. लायडारला फक्त अंतरं कळतात.

विजेची काळजी नको. १४.४ व्होल्ट आणि ५२०० मिलिॲम्पियर-तासांच्या बॅटरीत साधारण ७५ वॉट-तास मावतात. रोज पूर्ण रिकामी करून भरलीत, तरी महिन्याला तीन युनिटांच्या आसपास.

सगळ्यात शेवटी बघितली जाणारी आणि सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे सुटे भाग. या धंद्यात मोठी नावंही टिकत नाहीत. घरगुती रोबोत लायडार आणणाऱ्यांत आघाडीवर असलेली नीटो २०२३ मध्ये बंद झाली. आयरोबोटला ॲमेझॉन विकत घेणार होती, तो करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून विकत घेण्याआधी दोन कामं करा. कंपनीच्या सर्व्हिसच्या पानावर तुमचा ४००७०६ पिनकोड टाका आणि माणूस घरी येतो की खोका कुरिअरने पाठवावा लागतो ते विचारा. मग त्याच मॉडेलचा मुख्य ब्रश, बाजूचा ब्रश, फिल्टर आणि बॅटरी आज सुटी विकत मिळते का ते शोधा. चारही मिळाले तरच पुढे जा. म्हणून कालपरवा आलेल्या मॉडेलपेक्षा वर्ष-दोन वर्षं बाजारात असलेलं मला जास्त आवडतं.

तर तीस हजारांत काय? लायडार, कॅमेरा नाही, चार हजारांच्या आसपास पास्कल, रबरी ब्रश, ५२०० ची बॅटरी, पुसायचं साधं फडकं. शाओमी, ड्रीमी, इकोवॅक्स, युरेका फोर्ब्स यांच्याकडे या पट्ट्यात काही ना काही असतं. मॉडेलचं नाव देत नाही, सहा महिन्यांत बदलतं. केर आपोआप रिकामा करणारा डॉक सेलमध्ये बजेटात बसला तर जरूर घ्या. रोज डबा झटकताना उडणारी धूळ वडिलांच्या नाकात जाणार नाही. पण त्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, आणि रिकामा करताना तो काही सेकंद मोठ्याने घुरघुरतो. तेवढ्यासाठी बजेट ओलांडू नका.

सेलचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत थांबा. गणपतीत घरात पाहुणे, दूर्वा, फुलं, प्रसादाचे कण आणि जमिनीवर अंथरलेल्या चटया. नव्या रोबोला नकाशा शिकवायची ती वेळ नाही. आणि दिवाळीला आणलात तर परत करायची मुदत संपायच्या आत त्याला प्रत्येक उंबऱ्यावर आणि प्रत्येक पलंगाखाली पाठवून बघा. तोवर खोका माळ्यावर टाकू नका.