सर्फेस तुमचा, मिनरल्स दुसऱ्याचे

नोकरी ह्यूस्टनला, पण राहायला टेक्सासमधल्याच वॉशिंग्टन काउंटीत, ब्रेनमच्या बाजूला दहा-बारा एकर घ्यायचे, चार शेळ्या आणि थोडा भाजीपाला करायचा, असं तुम्ही कळवलंय. शेवटी सहज विचारलंय, "जाहिरातीत मिनरल्स विक्रीत नाहीत असं लिहिलंय. आपल्याला कुठे तेल काढायचंय? मग चालेल ना?" व्हिसा, शाळा, गाडीचा विमा याबद्दल बाकीचे सांगतीलच. मी या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण आठ वर्षांपूर्वी मीही हेच म्हणून सही केली होती.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली, खालची खनिजं सरकारची. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तसं स्पष्ट लिहिलंय. टेक्सासमध्ये वरचा सर्फेस, म्हणजे वापरायची जमीन, आणि खालचे मिनरल्स, म्हणजे तेल-वायूसारखी खनिजं, वेगवेगळे विकता येतात. समजा, कुणा आजोबांनी जमीन विकताना मिनरल्स स्वतःकडे ठेवले, तर आज ते पंधरा-वीस नातवंडांत वाटलेले असतात. त्यातला कुणीही आपला हिस्सा तेल कंपनीला लीजवर देऊ शकतो. भावंडांना विचारायची गरज नाही, तुम्हाला तर नाहीच. रॉयल्टी, म्हणजे तेलाच्या उत्पन्नातला वाटा, त्यांची, धूळ तुमची. आणि कायद्याने मिनरल्सचा हक्क वरचढ. तेल काढायला वाजवीपणे जेवढी लागेल तेवढी तुमची जमीन कंपनी वापरू शकते: पॅड (विहीर खणायची सपाट जागा), रस्ता, टाक्या, पाइपलाइन. निष्काळजीपणा झाला नसेल, तर भरपाई देणंही सक्तीचं नाही. ओक्लाहोमात १९८२ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, इथे नाही.

मग जमीनमालकाच्या हातात काय? १९७१ चा 'गेटी ऑइल विरुद्ध जोन्स' हा निकाल. जोन्सच्या ६३५ एकरांवर चाकांवर गोल फिरणारं तुषार सिंचन होतं. सात फुटांहून उंच काही आडवं आलं की ते अडायचं. गेटी या तेल कंपनीने तिथे पंपजॅक, म्हणजे तेल उपसणारे पंप, उभे केले, एक १७ फुटी, दुसरा ३४ फुटी. त्याच जमिनीवर इतर कंपन्यांनी मात्र पंपांची उंची कमी ठेवून काम भागवलं होतं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जमिनीचा आधीपासून चालू असलेला वापर बंद पडत असेल, मालकाला दुसरी वाट नसेल आणि त्याच जागेवर तेल काढायची दुसरी रूढ पद्धत कंपनीकडे असेल, तर कंपनीने जुळवून घ्यावं.

यातला 'आधीपासून' हा शब्द धरून ठेवा. पुढच्या वर्षी बांधायच्या गोठ्याला संरक्षण नाही. शिवाय सिद्ध तुम्ही करायचं. २०१३ मध्ये मेरिमन नावाचा, सुमारे चाळीस एकरांवर गुरं पाळणारा माणूस याच मुद्द्यावर हरला. कंपनीची तेल-वायूची विहीर त्याच्या गुरांच्या कुंपणांमध्ये आली होती. पण कुंपणं दुसरीकडे हलवणं खर्चाचं आणि त्रासाचं आहे एवढंच तो दाखवू शकला. ते अशक्यच आहे, हे नाही.

तुमच्या जास्त जवळचा खटला २०१४ चा, याच वॉशिंग्टन काउंटीतला. एका कुटुंबाने ८५ एकर घेतले, घर बांधलं. त्यांच्या जमिनीवरची तेलाची विहीर बंद होती, पण शेजारच्या विहिरीकडे जाणारी वाहतूक त्यांच्या रस्त्यावरून चालायची. एरवी शेजारच्या तेलासाठी तुमची जमीन वापरता येत नाही. इथे दोन्ही जमिनींचे लीज एकत्र जोडलेले होते, म्हणून न्यायालयाने रस्ता वापरायचा हक्क कंपनीला दिला.

माझं प्रकरण इतकं मोठं नाही. एका शनिवारी सकाळी कुंपणाशी मोजणीच्या, गुलाबी फिती लावलेल्या खुंट्या दिसल्या. तेल कंपनीचा लँडमन, म्हणजे जमिनीचे करार करणारा माणूस, सभ्य होता, माझ्या जमिनीवरून रस्ता न्यायला पैसेही देऊ केले. मी खुशीत सही केली. पण करारात रस्त्याची रुंदी नव्हती, फाटक बंद ठेवायची अट नव्हती आणि काम संपल्यावर खडी उचलायची अट नव्हती. खडी अजून आहे. दोन शेळ्या गेल्या त्या फाटकातूनच. आकड्यावर घासाघीस केली आणि बाकीचं वाचलंच नाही, हा दोष माझाच.

म्हणून विक्रेत्याला आधी विचारा, मिनरल्समधला त्याचा हिस्सा किती? हिस्सा असेल तर डीडमध्येच (खरेदीखतातच) सर्फेस वेव्हर मागा, म्हणजे वरच्या जमिनीवर पाय न ठेवण्याची हमी. मात्र ती फक्त त्याच्या हिश्श्यापुरती. एक नातवंड सुटलं तरी दार उघडं राहतं. सगळ्यांकडून मिळत नसेल, तर एक कोपरा विहिरीसाठी ठरवून घ्या. आता जमिनीखालून आडव्या विहिरी मैल-दोन मैल जातात, त्यामुळे कोपऱ्यावरून काम होतं हे कंपन्यांनाही मान्य असतं. त्यांनाही रोजचं भांडण नको असतं. घरापासूनचं अंतर, पाण्याचा वापर, पाइपलाइनची खोली, वरची माती वेगळी ठेवून परत पसरणं, हे सगळं लेखी हवं. टायटल पॉलिसीवर, म्हणजे मालकी हक्काच्या विम्यावर, विसंबू नका. मिनरल्स तिच्यात बहुधा वगळलेले असतात.

टेक्सास सरकारच्या रेलरोड कमिशनच्या नकाशावर जुन्या विहिरी आणि पाइपलाइन दिसतात. नावात रेल्वे, काम तेलाचं! विहिरीचा परवाना तेच देतात, पण तुमच्या खडीचा वाद सोडवणार नाहीत.

बयाणा द्यायच्या आधी प्लॉटचा नंबर पाठवा. काउंटी क्लर्कच्या कचेरीत जुनी डीड्स काढायला मी बरोबर येईन. शनिवारी ती बंद असते, तेव्हा रजा तुम्हाला घ्यावी लागेल.