आंतरवासितेचा हिवाळा आणि घरचा व्याप

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातील १६ आठवड्यांची शालेय आंतरवासिता (प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचा सराव) हिवाळ्यात आली, तर मालवण-कुडाळ पट्ट्यात संसार सांभाळून शिकणाऱ्या तुम्ही शाळेच्या आधी घरचे वेळापत्रक लिहून काढावे. कारण गावोगावच्या जत्रा, लग्नसराई, आंब्याच्या मोहोरावरील फवारण्या आणि शाळेचे स्नेहसंमेलन हे सारे याच दिवसांत एकमेकांवर येते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तो जाहीर होताच मार्गदर्शक शिक्षकांना सांगून त्या आठवड्यातील पाठ आधीच घ्यावेत. मुंबईचे पाहुणे घरात असताना रात्री पाठ टाचण (पाठाचे लेखी नियोजन) लिहिणे, खरे सांगायचे तर, होत नाही. म्हणून एका घटकाची टाचणे रविवारी एकत्र लिहावीत आणि साधने स्वयंपाकघरातलीच घ्यावीत: आम्ल-आम्लारीच्या पाठाला आमसुलाचे पाणी दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणारा पदार्थ) म्हणून उत्तम चालते, पुरेसा खाण्याचा सोडा घातला की त्याचा लाल रंग पालटतो. सासूबाईंशी मोघम बोलू नये. पाठनिरीक्षणाच्या दिवशी मुलांचा डबा कोण भरणार, हे नेमके ठरवावे. हजेरीत मात्र सवलत मागू नये, कारण बुडालेले दिवस परीक्षेच्या तोंडावर भरून काढणे फार जड जाते.