आखाजीच्या तोंडावर डायऱ्या बंद करू नकोस

अमळनेर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा ऐकला. पिग्मीची, म्हणजे एजंट रोज फिरून गोळा करतात त्या बचतीची, वसुली मोबाइल ॲपवर न्यायची असा संचालक मंडळाचा ठराव झाला, दोन दिवस प्रशिक्षण झालं, समोसे झाले, आणि तरी एकवीसपैकी सोळा एजंट जुनीच डायरी काखेत मारून बाजारात फिरतायत. आता १ एप्रिलपासून डायऱ्या बंद, न ऐकणाऱ्यांना नोटिसा, असं चेअरमन म्हणतायत. नोटिशीचा मसुदा मी बघून द्यावा अशी तुझी इच्छा. तो बाजूला ठेवलाय. त्याआधी तू बोलता बोलता जे म्हणालीस, "काका, लोकांना बदल नकोच असतो", तिथेच मी अडलोय.

तापीकाठी बसून हे म्हणू नये. बसराई केळीच्या कंदांवर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्यानेच टिश्यू कल्चरची रोपं लावली, पाटाचं पाणी सोडून ठिबकच्या नळ्या अंथरल्या. कोणी नोटीस काढली होती त्याला? आधी शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून वर्षभर घड बघितले, मग स्वतःच्या वावरात एका कोपऱ्यात लावून पाहिलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा एक जुना अभ्यास १९४३ साली छापून आला. बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, मन मात्र वळलं शेजाऱ्यामुळे. दोघे सोडून बाकी सगळे वळले, पण त्याला १९२८ ते १९४१ एवढा काळ लागला. तुझ्या चेअरमनांनी दिलाय एक महिना.

आता माझी फजिती ऐक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी व्यवस्थापक होतो आणि आमच्या संस्थेत पहिला संगणक आला. खतावणी अप्पांकडे होती. खातेदार दारात चपला काढेपर्यंत अप्पांनी त्याचं पान उघडलेलं असायचं. रोजकीर्दीची शिल्लक जुळल्याशिवाय ते उठत नसत. पावणेदोन रुपयांसाठी रात्रीचे नऊ वाजवलेले मी पाहिलेत. असा माणूस मी काउंटरसमोरच्या टेबलावर बसवला आणि शिकवायला बावीस वर्षांचा पोरगा दिला. समोर खातेदारांची रांग. अप्पा एका बोटाने अक्षर शोधतायत, आणि रांगेतला कोणीतरी हसून विचारतो, "काय अप्पा, हरपलं का काही?" आठव्या दिवशी अप्पांचा रजेचा अर्ज आला. मी मंडळाला लिहून कळवलं: जुन्या कर्मचाऱ्यांचं सहकार्य नाही.

पुढच्याच पंधरवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येणार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदारांचं साल बदलणार, हिशेब चुकते होणार, म्हणजे सगळं गाव पैसे काढायला दारात. आणि संगणकावर शिल्लक चुकीची! एकाच गावातले, बापाचंही नाव तेच असलेले तीन पाटील त्या पोराने दोन खात्यांत कोंबले होते. अप्पांच्या खतावणीत प्रत्येकाच्या नावापुढे बारीक अक्षरात गल्ली लिहिलेली असे. ही चूक त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली होती. बोलले नाहीत, कारण कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते. चहा पाजला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, आणि मग एकच वाक्य, "साहेब, मन्हं काय चुकनं व्हतं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तीस वर्षांत कमावलेला मान मी आठ दिवसांत, भर रांगेसमोर काढून घेतला होता आणि वर त्याला सहकार्य नाही असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. शिकवणी संध्याकाळी, शटर ओढून. आणि अप्पांची सही असल्याशिवाय एकाही खात्याची आरंभीची शिल्लक संगणकात जाणार नाही. ही सही शोभेची नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी बऱ्याच चुका पकडल्या. टायपिंग त्यांना निवृत्तीपर्यंत धड जमलं नाही, हेही सांगतो.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या एका पायजमा शिवणाऱ्या कारखान्यात हे १९४८ च्याही आधी तपासून झालं होतं. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नुसतं सांगितलं, एका गटाचे प्रतिनिधी चर्चेत घेतले, आणि काही गटांतल्या सगळ्यांनाच नवी पद्धत ठरवायला बसवलं. नुसतं सांगितलेल्या गटातले १७ टक्के लोक ४० दिवसांत काम सोडून गेले. सगळे बसले होते तिथून कोणीच गेलं नाही, आणि कामाचा वेगही त्यांनीच लवकर गाठला.

तर तुझ्या सोळा जणांचं काय? सगळे अप्पा नाहीत. दोन-तीन जण वसुलीची रोकड दिवस-दोन दिवस स्वतःकडे फिरवत असतील. ॲपवर नोंद त्याच क्षणी दिसते, म्हणून त्यांना डायरी प्यारी. त्यांचा बंदोबस्त कर, पण वेगळा आणि गुपचूप. त्यांच्यावरून बाकीच्या तेरा जणांकडे संशयाने बघितलंस तर तेराही हातचे जातील.

त्या तेरांसाठी मीटिंग घेऊ नकोस. मीटिंगमध्ये आपली माणसं मान डोलावतात. सर्वांत जुन्या एजंटाबरोबर एक सकाळ भाजीबाजारात फिर, आणि पिशवी तू धर. आमच्याकडे मोबाइलवर मेसेज सुरू केले तेव्हा भाजी विकणाऱ्या एका बाईने महिन्याभरात खातं बंद केलं. खात्यावर नंबर नवऱ्याचा होता. ती नवऱ्याच्या नकळत रोज वीस रुपये टाकायची, हे फक्त तिच्या एजंटाला ठाऊक होतं. मीटिंगमध्ये त्याने हे सांगावं तरी कसं? तो नुसता म्हणाला, "साहेब, बाजारात हे चालत नाही." मी त्याला अडमुठा ठरवला. तुझ्या तेरांपैकी कोणाच्या पोटात असं काय आहे, ते पायी फिरल्याशिवाय कळणार नाही. आणि तू मुलगी आहेस. त्या बायका कदाचित तुला थेट सांगतील. मला कधीच सांगितलं नाही.

ज्या पाच जणांनी ॲप घेतलंय त्यांचा सभेत सत्कार करू नकोस. मंडळाला हौस असते, पण सत्काराच्या नारळाने ते पाच जण बाकीच्यांच्या नजरेत तुझे हस्तक ठरतील. फार तर एकेकाला जुन्याबरोबर फिरायला पाठव. आणि चेअरमनांची स्वतःची पिग्मी कुठे भरली जाते, डायरीत की ॲपवर, हे बघून ठेव. एजंट ते आधीच बघून बसलेत.

तारीख हलव. मार्चअखेरची वसुली आणि आखाजीला पैसे काढायची गर्दी यांच्या मधल्या फटीत काही नवीन घुसवायचं नसतं. आखाजी होऊन जाऊ दे, मग दोन महिने डायरी आणि ॲप दोन्ही चालव. मात्र डायरी कोणत्या दिवशी बंद होणार ते पहिल्याच दिवशी सांग आणि त्यावरून मागे सरू नकोस. नाहीतर दोन्ही लिहिण्याचं दुप्पट काम एजंटाच्या बोकांडी कायमचं बसतं. तारीख पुढे नेल्याबद्दल चेअरमन दोन शब्द बोलतील. ते तू ऐकून घ्यायचेस, एजंटांपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत.

बामणोदची वांगी अजून मिळतायत. रविवारी ये, तुझी काकू भरीत आणि कळण्याची भाकरी करतेय. येताना त्या जुन्या एजंटालाही घेऊन ये, डायरीसकट. मसुदा तेव्हा बघू.

तुझा,
काका