जुन्या जिप्सीची रॉक क्रॉलिंग बग्गी (खडकांवरून संथ चढणारी गाडी) करायची आहे, बजेट कमी आहे. इंजिन आधी बदलू का?

नको, इंजिन आहे तेच राहू द्या. पैसा आधी ट्रान्सफर केसचे (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचे) गिअर, मागचा डिफरेन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, थोडक्यात डिफ) आणि रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) यांवर घाला. खडकावर वेग नाही, संथपणा लागतो, आणि जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा लो रेशो (वेग घटवून ओढ वाढवणारा गिअर) जेमतेम २.२७:१ आहे. त्यात मोठे टायर चढवले की तोही फायदा जातो आणि सगळा भार क्लचवर येतो. रत्नागिरीकडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आम्ही हेच भोगलंय: क्लच जळाल्याचा वास आधी, दगड नंतर.

स्वस्तातली कामं:
- मागचा डिफ वेल्ड करा. एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं ओढतं. पुढच्याला हात लावू नका, नाहीतर स्टिअरिंग वळता वळत नाही.
- टायरची हवा १२-१५ पीएसआयपर्यंत उतरवा. फुकटचं काम, पण जांभ्याच्या खरबरीत कडेवर टायर कसा बसतो ते बघाच. (शेवाळ धरलेल्या कातळावर मात्र कुणाचंच काही चालत नाही.)
- केजला नळाचा जीआय पाइप अजिबात नको, जाड सीमलेस (बिनजोड) पाइप घ्या. वेल्डवर त्याच दिवशी प्रायमर मारा. खाऱ्या हवेत गंज वाट बघत नाही.

फक्त ही बग्गी रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ असे बदल करू देत नाही, शिवाय वेल्ड केलेला डिफ डांबरावर वळणात ॲक्सलवर ताण आणतो. टेम्पोत घालून न्या.