गोळी दुधातून दिली तर चालेल का?

‘मॅडम, गोळी नुसती पुढे केली तरी हात झटकतो. मग दुधात विरघळवून दिली तर चालेल ना?’ स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाच्या घरचे हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, आणि बहुतेक वेळा देऊन झाल्यावरच विचारतात.

मंदाकाकूंचंही (इथली नावं बदलली आहेत) तेच झालं होतं. लालबागच्या चाळीत घर. मुलगा सुजय सत्तावीस वर्षांचा, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. गॅलरीतून येणारेजाणारे आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला वाटायला लागलं. चाळीत हे बऱ्याचदा खरंही असतं, त्यामुळे घरच्यांना शंका यायला वेळ लागला. पुढे खोलीत कुणी नसतानाही आवाज ऐकू यायला लागले, कामावर जाणं सुटलं. पालिकेच्या रुग्णालयात निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत आवाज विरळ झाले. मग ‘मला काही झालेलंच नाही’ म्हणत त्याने गोळ्या सोडल्या.

याला घरचे हट्ट म्हणतात. पण या आजारात आपल्याला आजार आहे ही जाणीवच अनेकांना नसते. आवाज त्यांच्यासाठी तुमच्याआमच्या बोलण्याइतकाच खरा असतो. तिथे वाद घालून कुणी पटवून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

काकूंनी मग रात्रीच्या दुधाचा मार्ग काढला. आठवडाभर बरं चाललं. त्यानंतर सुजयने घरचं जेवणच टाकलं. गाडीवरचा वडापाव आणि स्वतः फोडलेली बिस्किटं, एवढंच खायचा. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, घरात मला काहीतरी घालतात. दूध प्यायलो की तासाभरात डोळे मिटतात. पेल्याच्या तळाला पांढरं राहतं.’

आता सांगा, यातलं खोटं काय होतं? पण डॉक्टरांच्या केसपेपरवर हे ‘विषप्रयोगाचा संशय’ म्हणून गेलं असतं आणि डोस वाढवला असता. डॉक्टरांना दुधाचं माहीत नव्हतं. अर्धा पेला टाकला तर नेमकं किती औषध पोटात गेलं, हे काकूंनाही माहीत नव्हतं. शिवाय हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

सुजयला हे मी सांगितलं नाही. ते काकूंनी सांगायचं होतं, आणि त्याला दोन भेटी गेल्या. ‘तो मला कधी माफ करणार नाही,’ यावर त्या अडून बसल्या होत्या. शेवटी माझ्यासमोर, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मीच घालत होते रे. गोळी.’ तो चिडेल अशी तयारी मी ठेवली होती. त्याने फक्त विचारलं, ‘म्हणजे तेवढं तरी मला बरोबर कळत होतं?’

त्यानंतर गोळ्या का सोडल्या, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. पाय एका जागी ठरत नव्हते. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. रात्री गॅलरीत चकरा मारायचा आणि वडील म्हणायचे, आजार वाढला. ही तळमळ सायकोसिसवरच्या (भास आणि भलते संशय यांवरच्या) औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्याला अकॅथिसिया म्हणतात. डोस कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ती आटोक्यात येते. वजन वाढणं, झोप, हात थरथरणं, पाळी चुकणं हेही असंच डॉक्टरांना सांगायचं असतं. ‘गोळी नको’ याच्या मागे बरेचदा यातलंच काहीतरी असतं, पण आपण विचारतो ते एवढंच, ‘घेतलीस का?’

डॉक्टरांनी औषध बदललं. ते सोसतंय हे बघून त्याच औषधाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन पुढे केलं. सुजयने होकार दिला, कारण रोज आईने तळहात पुढे करून उभं राहणं थांबणार होतं. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही, हे त्याच्या वडिलांना मात्र मला तीनतीनदा सांगावं लागलं.

माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर काय? तेव्हा दुधाचा पेला नाही, थेट रुग्णालय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या संमतीला मोठा मान आहे, पण संमती देण्याच्या अवस्थेत तो नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णयात साथ देणारं माणूस, बहुतेकदा घरचंच कुणी) अर्जावरून, डॉक्टरांनी तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करून घेण्याची सोयही आहे. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. काही डॉक्टर अगदी अडचणीच्या वेळी थोडे दिवस जेवणातून द्यायला सांगतात, हे मला माहीत आहे. तो निर्णय त्यांचा, स्वयंपाकघरातला नव्हे. आणि ज्याला जेवणाचाच संशय आहे त्याच्या बाबतीत माझं मत विरुद्धच राहील.

सुजय आता अर्धा दिवस कामावर जातो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. गर्दीच्या लोकलमध्ये अजून येतात, तेव्हा तो कानात इअरफोन घालतो. घरी जेवतो, पण दूध स्वतः ओतून घेतो. परवा मंदाकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मुली बघायच्या झाल्या तर त्यांना सांगायचं का हो?’ म्हटलं, पुढच्या वेळी त्याला घेऊन या, मग बोलू.